सिनेमा संपल्यावर बोलणारा माणूस

बिश्केकमध्ये ओक पार्कच्या मागच्या गल्लीत एक लहानसं चित्रपटगृह आहे. शनिवारी दुपारचा खेळ संपून दिवे लागले की पडद्यासमोर एक माणूस चाकांचा फळा ढकलत आणतो, घसा खाकरतो आणि लोकांनी नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाचं अर्थशास्त्र त्यांना समजावून सांगतो. तो माणूस मी. नाव सुयुनबेक. विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवतो. विद्यार्थी आदराने 'अगाय' म्हणतात. बायको काय म्हणते ते पुढे येईलच.

ही कल्पना माझी स्वतःची, दुसऱ्या कुणाला दोष देता येणार नाही. मला वाटायचं, लोक तिकीट काढून दोन तास बसतात आणि नुसते रडून घरी जातात, केवढं हे नुकसान! एवढ्या कथा, एवढे व्यवहार डोळ्यांसमोर घडतात, आणि कुणी विचारत नाही की यात फायदा कुणाचा झाला. मग मीच विचारायचो आणि मीच सांगायचो. नायक मॉस्कोतली चांगली नोकरी सोडून प्रेयसीसाठी गावी परतला, सगळं थिएटर डोळे पुसतंय, की मी फळ्यावर दोन रेघा मारून सुरू: "मंडळी, याला म्हणतात संधीचा खर्च. एक गोष्ट निवडली की दुसरी हातची जाते. या गृहस्थाच्या हातून काय काय गेलं ते आता पाहू." दोन तरुण एकाच मुलीच्या मागे लागले तर ते माझ्या लेखी दोन खरेदीदार. सासू सुनेला छळत असेल तर ती घरातली मक्तेदारी. खलनायकाबद्दल मला जरा आपुलकीच वाटायची, कारण पुष्कळ सिनेमांत डोकं चालवून वागणारा तेवढा एकच असतो.

एकदा एका जाड्या गृहस्थांनी दाराशी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "अगाय, माझी बायको असे सिनेमे बघून घरी पोचेपर्यंत रडते. आज तुम्ही बोलायला लागलात आणि तिचे डोळे एका मिनिटात कोरडे झाले. उपकार झाले." मी ही दाद विभागातल्या प्रत्येकाला ऐकवली. काहींना दोनदा.

लोक उठून जायचे, हे खरं. पण जे उठून जातात त्यांना मी मुळात गिऱ्हाईक धरतच नव्हतो. "बाजार आपोआप चाळला जातो," मी बेगायिमला सांगितलं. बेगायिम माझी बायको, दातांची डॉक्टर.

"चाळून खाली काय उरतं?" तिने विचारलं.

"सात-आठ जण. पण दर्जेदार."

"त्यातल्या तीन जणी झोपलेल्या असतात. मी पाहिलंय. माझे पेशंट तोंड उघडतात ते दुखतं म्हणून, तुझे उघडतात ते जांभईसाठी."

थिएटर चालवणारा रिसबेक माझा शाळेतला मित्र. माझ्याकडून भाडं घेत नसे, उलट शनिवारी मी आलो नाही तर फोन करायचा. "येतोयस ना? ये बाबा, तुझ्याशिवाय होत नाही." निदान एका मित्राला तरी ज्ञानाची कदर आहे, असं मला वाटायचं.

मार्चमध्ये तिथे सालकिनाय नावाच्या तरुण दिग्दर्शिकेचा पहिलाच सिनेमा लागला. नारिनकडची एक विधवा पोराच्या प्रवासासाठी घरची घोडी विकते. मग तिला राहवत नाही. ती डोंगर ओलांडून घोडीच्या शोधात निघते आणि शेवटी कानातली चांदी देऊन, तिप्पट भावाने तीच घोडी परत आणते. दिवे लागले तेव्हा माझे ते सात-आठ दर्जेदारसुद्धा नाक पुसत होते. सालकिनाय शेवटच्या रांगेत बसली होती, डोक्यावरचे केस बारीक कापलेले, अंगात भावाचं असावं इतकं मोठं जाकीट. दिग्दर्शिका समोर आहे म्हटल्यावर मी विशेष खुललो.

"बाईंनी घोडी विकली ती वसंतात, चारा संपलेला असताना, म्हणजे भाव पडलेले असताना. परत घ्यायला गेल्या त्या रडत. आता मला सांगा, विकणाऱ्यासमोर रडलं तर भाव उतरेल की चढेल? शिवाय घोडी म्हातारी. तेवढ्या चांदीत दोन तरुण घोड्या आल्या असत्या. थोडक्यात, बाईंना जरा अर्थशास्त्र येत असतं तर हा सिनेमा अर्ध्या तासात संपला असता."

मला वाटलं होतं, ती चिडेल. ती पुढे झुकून ऐकत होती, हनुवटी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवून.

"अगाय, तुम्ही हे असं सगळीकडे बोलता?" तिने विचारलं.

"म्हणजे कुठे?"

"लग्नात वगैरे?"

"अर्थात. लग्नाइतका मोठा व्यवहार दुसरा कुठला आहे?"

"आणि मयताला गेलात तर?"

"विषय निघाला तर बोलतो," मी म्हणालो.

तिने माझा नंबर घेतला.

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. नव्या सिनेमात एका पाहुण्याची भूमिका आहे, माझ्याकडे नट पुष्कळ आहेत, पण तुमच्यासारखं बोलणं कुणाला जमत नाही, असं म्हणाली. पाठ काही करायचं नाही, मी प्रसंग सांगेन, तुम्ही तुमच्या मनाने बोला, जसे आहात तसेच या. यातलं 'तुमच्यासारखं कुणाला जमत नाही' एवढं मला स्पष्ट ऐकू आलं.

"कसली भूमिका?" बेगायिमने विचारलं.

"विचारवंताची म्हण. कथेचा बौद्धिक कणा."

"पात्राचं नाव काय?"

"ते अजून ठरलेलं नाही."

"हं," बेगायिम म्हणाली. हे 'हं' ती क्ष-किरणांचा फोटो उजेडात धरून दाताचं मूळ बघताना काढते, तसलं होतं.

पैशाचं बोलायला सालकिनायने मला चहाला बोलावलं. तिच्याकडे रोख फार नव्हतं. म्हणाली, एक तर ठरावीक रक्कम घ्या, नाहीतर कमाईत छोटासा वाटा घ्या. झालं, मी खिशातून पेन काढलं. आपल्याकडचे बहुतेक सिनेमे खर्चसुद्धा भरून काढत नाहीत, तुझा विषय उदास, नट अनोळखी, गाणी नाहीत, प्रदर्शन शरद ऋतूत, म्हणजे ऐन लग्नसराईत. मी कागदी रुमालावर आकडेमोड करून तिला तिचाच सिनेमा का बुडणार हे नीट पटवून दिलं आणि ठरावीक रक्कम घेतली. ती बिचारी शांतपणे तळलेले बोर्सोक मधात बुडवून खात होती. शेवटी एवढंच म्हणाली, "हे रुमालावरचं मी ठेवून घेऊ का? कुठेतरी वापरता येईल."

मे महिन्यात कोचकोरजवळच्या एका गावात चित्रीकरण झालं. कथा अशी. एका म्हातारीचा मुलगा रशियात कामाला गेलाय. तो दर वर्षी येतो म्हणतो, म्हातारी दर वर्षी मेंढरू कापून गाव जेवायला बोलावते आणि मुलगा येत नाही. गाव जेवून जातं. म्हातारीचं काम गावातल्याच बात्मा आपा करणार होत्या. त्यांनी जन्मात कधी कॅमेऱ्याकडे पाहिलं नव्हतं आणि आताही पाहत नव्हत्या, चुलीकडे पाहत होत्या. मी होतो जेवायला आलेला शहरी पाहुणा.

"अगाय, मुलगा न येण्यात कसा फायदा आहे ते सांगा," सालकिनाय सांगायची, आणि मी सांगायचो. मुलगा परत आला तर महिन्याचे येणारे पैसे बंद. वर त्याच्या जेवणाचा खर्च. त्यापेक्षा त्याने तिकडे राहून पैसे पाठवणं घराला, गावाला, एकूण देशालाच परवडतं. मी मेंढराच्या खांद्याचं हाड हातात धरून त्याने हवेत आलेख काढला. तो माझा स्वतःचा विचार, तिने सांगितलेला नव्हता. मी बोलायला लागलो की बाकीचे नट आपापले वाडगे उचलून हळूच दुसऱ्या कोपऱ्यात सरकायचे. मला वाटलं, मला जागा करून देतायत. एक कुत्रं माझ्या पायाशी हाडाच्या आशेने बसलं होतं. तेही जांभई देऊन निघून गेलं. सालकिनाय कॅमेऱ्यामागे तोंडावर हात घेऊन बसायची, तिचे खांदे हलत असायचे. विषय तिच्या किती जवळचा आहे, असं माझ्या मनात आलं. तिचे वडीलही तिकडेच कामाला होते म्हणे.

शेवटच्या दिवशी माझा मोठा प्रसंग झाला. मनुष्यबळाची निर्यात या विषयावर मी न थांबता बोललो. थांबलो तेव्हा सगळे पांगले होते, सतरंजीवर मी आणि बात्मा आपा दोघंच. त्यांनी माझ्या वाडग्यात चहा ओतला आणि सहज विचारलं,

"तुझी पोरं कुठं असतात रे बाळा?"

"एकच मुलगी आहे, आपा. जिबेक. सोल शहरात असते."

"लांब आहे?"

"विमानाने जावं लागतं."

"येते का मधनंमधनं?"

मी तोंड उघडलं. याचं उत्तर माझ्यापाशी तयार होतं, चांगलं घोटलेलं. जिबेक जाऊ की नको करत होती तेव्हा मीच जेवणाच्या टेबलावर तिला वीस वर्षांच्या मिळकतीचा आलेख काढून दाखवला होता. इथे राहिलीस तर ही रेघ, तिकडे गेलीस तर ती. ती बराच वेळ दोन रेघांकडे बघत बसली होती, आणि मग गेली. त्यानंतर तीन वर्षांत ती आलेली नाही. हे सगळं आपांना नीट, मुद्देसूद सांगता आलं असतं. पण एक शब्द फुटेना. आपा माझ्या तोंडाकडे बघत होत्या, घाईत नव्हत्या. मी पावाचा तुकडा मोडला, तो पुन्हा ठेवला.

"चहा थंड होतोय," मी म्हणालो.

"पी मग," त्या म्हणाल्या.

कॅमेरा केव्हाच बंद झाला असणार, असं धरून मी नंतर सालकिनायची माफीसुद्धा मागितली, शेवटी शेवटी उगाच वेळ गेला म्हणून. "काही बिघडलं नाही, अगाय," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

ऑक्टोबरमध्ये पहिला खेळ झाला. मी नवा सूट शिवला. विभागातल्या सगळ्यांना, डीनना सपत्नीक, आणि आमच्या इमारतीतल्या दोन कुटुंबांना बोलावलं. पुढून तिसऱ्या रांगेत आम्ही बसलो. पडद्यावर मी आलो, दारात बूट काढले, आणि लोक हसले. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. मला वाटलं, मागे कुणीतरी पडलं असेल, म्हणून वळून पाहिलं. कुणी पडलं नव्हतं. मग मी बोललो आणि हॉल हशाने फुटला. मी हाडाने आलेख काढला तेव्हा डीन पुढच्या खुर्चीवर डोकं टेकून हुंदके देत होते. कुत्रं उठून गेलं तेव्हा टाळ्या पडल्या, कुत्र्याला. बेगायिमने तोंडात रुमाल कोंबला होता आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी तिच्याकडे बघितलं तर तिने माझा हात दाबला, आणि पुन्हा हसत सुटली.

रुमालावरची आकडेमोडसुद्धा होती. एका प्रसंगात माझं पात्र तो रुमाल म्हातारीच्या घरात विसरून जातं आणि ती त्याने तवा पुसते.

मी खुर्चीत खाली खाली सरकत होतो. आता फक्त कपाळ वर राहिलं होतं. तेवढ्यात तो सतरंजीवरचा प्रसंग आला. मला तो आहे हेच माहीत नव्हतं. "तुझी पोरं कुठं असतात रे बाळा?" बात्मा आपांनी पडद्यावर विचारलं. लोक हसायच्या तयारीत होते, एकदोघं हसलेही. मग पडद्यावरचा तो बडबड्या गप्प झाला. त्याने पाव मोडला आणि ठेवला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. चहा थंड होतोय असं तो म्हणाला तेव्हा मागे कुणीतरी नाक शिंकरलं. बेगायिमचा रुमाल आता डोळ्यांवर होता, आणि हात मात्र तिने माझ्या हातातून काढून घेतला होता.

शेवटी नावं वर सरकायला लागली. माझंही आलं. 'वीट आणणारा पाहुणा', आणि पुढे माझं नाव, आडनावासकट.

बाहेर पायऱ्यांवर मी सालकिनायला गाठलं.

"मला विदूषक केलंस तू!"

ती खरोखर ओशाळली. "अगाय, रागावू नका. पण मी तुम्हाला एकही वाक्य लिहून दिलं नव्हतं."

यावर मला बोलता येण्यासारखं काही नव्हतं. तरी बोललो, पुष्कळ बोललो. नाव वापरण्याचे हक्क, पूर्वकल्पना, एका पक्षाला माहिती असणं आणि दुसऱ्याला नसणं. बोलता बोलता बघतो तर भोवती दहा-पंधरा माणसं जमलेली, आणि सगळी हसतायत.

सांत्वनासाठी मी रिसबेककडे गेलो. त्याने मला बसवलं, मटणाचे गरम सामसे मागवले.

"तू तरी माझी कदर करतोस," मी म्हणालो. "एवढी वर्षं फुकट जागा दिलीस."

रिसबेक चघळायचा थांबला. "आता सगळं बाहेर आलंच आहे तर सांगू का? अरे, शनिवारी खेळ संपला की लोक खुर्च्यांतून उठायचेच नाहीत. गप्पा मारत बसायचे, आत ऊब असते ना. पुढच्या खेळाआधी झाडायला मिळायचं नाही. तू फळा घेऊन आलास की हॉल पाच मिनिटांत मोकळा. मी तुझी कदर करतो म्हणजे काय, भयंकर करतो."

मी त्याचे दोन सामसे खाल्ले आणि उठलो.

सिनेमा चालला. थोडाथोडका नाही, पहिला बर्फ पडून गेला तरी चालत होता. कमाईतला वाटा घेतला असता तर किती झाला असता, हे विभागातल्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने मला न विचारता काढून दाखवलं. मिनीबसमध्ये चढलो तर ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "अहो पाहुणे, पुढे बसा, पैसे नकोत. फक्त बोलू नका." वर्गात मी हाडासारखा खडू धरला तरी पोरं बाकांखाली जायची.

एका रविवारी जिबेकचा फोन आला. तिथल्या आपल्या लोकांनी हॉल भाड्याने घेऊन सिनेमा लावला होता.

"बाबा, ते खरं होतं का?"

"कुठलं?"

"ते चहाचं."

"अगं, तो अभिनय होता."

"बाबा, तुला अभिनय येत नाही, हे आता सगळ्या देशाला माहीत आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग मला फोनवर कधी का म्हणाला नाहीस, ये म्हणून? दर वेळी विनिमय दर सांगतोस."

"विषय निघाला नाही."

"विषय नसताना बोलण्यात तर तुझा हात धरणारं कुणी नाही!" असं म्हणून ती हसायला लागली. मग हसता हसता काहीतरी झालं आणि तिने फोन आईला द्यायला सांगितला. दोघी तासभर बोलल्या. मी शेजारच्या खोलीत उगाच कपाट आवरत होतो. उन्हाळ्यात येते म्हणाली, असं बेगायिमने नंतर सांगितलं, आणि मला बजावलं की तिकिटाचे भाव केव्हा उतरतात हे तिला कळवायला जाऊ नकोस.

शनिवार मी बंद करणार होतो. रिसबेकने ऐकलं नाही. आता त्याचा हिशेब उलटला होता. लोक माझ्यासाठीच यायला लागले होते, तिकीट काढून, सूर्यफुलाच्या बिया घेऊन. पहिल्या शनिवारी मी "मागणी" एवढा शब्द उच्चारला आणि हशा पिकला. मला राग आला, कारण मागणीची व्याख्या हा विनोद नाही. मी तसं म्हणालो, तर आणखी हसले. दुसऱ्या शनिवारी थोडे कमी हसले. डिसेंबरपर्यंत निम्मे गळाले, पण जे राहिले ते जागे होते.

परवाच्या शनिवारी दोन भाऊ आणि त्यांच्या सामाईक ट्रकचा सिनेमा होता. मी सांगितलं की भावांनी ट्रक सुरुवातीलाच विकून पैसे वाटून घ्यायला हवे होते. दुसऱ्या रांगेतून एक टोपीवाले आजोबा उठले.

"साफ चूक!" ते ओरडले. "ट्रक धाकट्याला द्यायला हवा होता."

"धाकटा तर दारू पितो, आजोबा."

"म्हणून तर! ट्रक दिला तर काम करील. काम केलं तर पिणार कधी?"

"पिऊन चालवील!"

"तुम्हाला धाकटा भाऊ आहे?"

"नाही."

"मला आहे," आजोबा म्हणाले. "तुम्ही मला धाकट्या भावाबद्दल सांगू नका."

झाडूवाली आमच्या पायांभोवती झाडून गेली, पुढच्या खेळाचे लोक आत यायला लागले, तरी आम्ही दोघं फळ्यापाशी. मी आलेख काढायचो, ते टोपीने पुसायचे. रिसबेकने आम्हाला बाहेर काढलं. बुलेवारच्या फुटपाथवर घसरडं झालं होतं म्हणून आजोबांनी माझा दंड धरला, आणि चालता चालता तो ट्रक कुठल्या बनावटीचा होता, त्याला डिझेल किती लागतं, हे मला सुनवायला लागले. त्यांचं सगळं चुकत होतं. मी त्यांना मध्येच अडवून तसं सांगितलं. बेगायिम माझ्यासाठी कोपऱ्यावर थांबली होती. तिने आम्हाला येताना पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि एकटीच पुढे चालायला लागली.